चौकात कोन हाय?

कमलेश हाडळला तुम्ही बोईसर स्टेशनबाहेर पाहिलंही असेल, आणि पाहून लक्षात ठेवलं नसेल. त्यात तुमचा काही दोष नाही. चाळिशी ओलांडलेला, काटकुळा, खांद्याला डब्याची पिशवी आणि मान खाली. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत असे हजारो येतात नि जातात. पण मान खाली घालून चालणं ही त्याची जन्माची सवय नव्हे हं! ती मान गेल्या डिसेंबरात खाली गेली, ती अजून काही धड वर आलेली नाही. कशी गेली ते सांगतो.

वाणगावच्या पूर्वेला, डांबरी रस्ता सोडून आत गेलं की वारल्यांचा एक पाडा लागतो. कमलेश तिथला. त्याची आई मंगळी ही धवलेरी. वारल्यांच्या रीतीत लग्न लावते ती धवलेरी, आणि तेही गाऊन. घरातल्या भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठानं चौक काढतात. चौकाच्या मधोमध पालघाट देवी. समोर बसून धवलेरी एकेकाला नाव घेऊन बोलावते, चंद्राला, सूर्याला, घोड्याला, आणि सगळ्यात शेवटी पालघाटीला. मंगळीचा स्वतःचा एक नेम होता. जे भिंतीवर आलं त्याचंच नाव गाण्यात घ्यायचं, न आलेल्याचं नाही. "नाव घेतला का तो येऊन बसतो," ती म्हणायची. "मंग त्याला ऊठ सांगता येत नाय."

पाच-सहा वर्षांपूर्वी काचबिंदूनं तिची नजर नेली. उजेड आणि अंधार, एवढंच काय ते उरलं. आता बायकांनी चौकात काय काढलं हे तिला कळणार कसं? तेव्हापासून कमलेश तिच्या पाठीमागे बसायला लागला. चौक काढणं बायकांचं काम, पुरुषानं त्यात हात घालायचा नाही. पण पाहायला कोणाची ना नव्हती. तो वाकून आईच्या कानात सांगायचा, "घोडा झाला, आये." की मंगळी घोड्याचा धवळा, म्हणजे लग्नात गायचं गाणं, धरायची. "चांद झाला." की चांदाचा. आणि देवी काढून झाली, बायका मागे सरल्या, की मंगळी आपण होऊन विचारायची, "चौकात कोन हाय?" कमलेश म्हणायचा, "पालघाट." मग म्हातारीचा आवाज असा काही चढायचा की ओटीवर गप्पा मारणारे पाहुणे गप्प व्हायचे. पाड्यातले लोक म्हणत, मंगळीचे डोळे गेले कुठं? ते तिच्या पोराच्या तोंडात आहेत. हे ऐकून कमलेशची छाती फुगायची, आणि का फुगू नये!

कमलेशच्या हातातही कला होती. सुट्टीच्या दिवशी बांबूच्या काडीचं टोक चेचून तो कागदावर, कापडावर, मडक्यांवर चित्रं काढायचा. तारप्याचा नाच, भातलावणी, गळ टाकून बसलेली माणसं. ती विकायचा. त्यात काही वावगं नव्हतं, पाड्यातले आणखीही दोघे-तिघे काढत. चौक मात्र त्यानं कधी विकायला काढला नव्हता. कारखान्यात तो ठेक्यावरचा कामगार, त्याला कोणी नावानं हाक मारत नसे. "ए ठेकेवाले, इधर आ," एवढीच त्याची ओळख. गेली अठरा वर्षं! त्यामुळे त्याला फार वाटे की कुठंतरी आपलं नाव लिहिलेलं असावं, चार माणसांनी ते वाचावं. वाटण्यात पाप नाही. पण माणूस घसरतो तो असल्या साध्याशा वाटण्यावरूनच. हे मी आज शहाणपणानं सांगतोय, त्या दिवशी त्याला सांगायला कोणी नव्हतं.

नोव्हेंबरात पालघरहून रुचिताचा फोन आला. ही रुचिता लग्नाच्या हॉलची सजावट करते. बाई वाईट नाही, कामाची आहे आणि बोलायला गोड.

"कमलेशदादा, बोईसरला मोठं लग्न आहे. मुंबईची माणसं येणार आहेत. स्टेजशेजारची अख्खी भिंत तुमची! तुमच्या लग्नात तो चौकोन असतो ना, नक्षीच्या चौकटीचा, तस्सा हवा. फक्त मधे देवी नको. मधे क्युपिड."

"कोन?"

"क्युपिड हो! रोमन लोकांचा प्रेमाचा देव. पंख असलेलं गोंडस बाळ, हातात धनुष्यबाण. बाण लागला की माणूस प्रेमात. फोटो पाठवते. आणि हो, खाली कोपऱ्यात तुमचं नाव घालायचं. मोठ्या अक्षरात. चित्रकार कमलेश हाडळ."

'चौक असा नाय काढत, ताई, तो आमच्या बायका काढतात, आनि लग्नाच्या घरातच काढतात,' हे वाक्य त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण मोठ्या अक्षरातलं ते नाव त्याच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं आणि त्यानं वाक्य गिळलं.

आईचा नेम मात्र त्याच्या अंगात भिनलेला होता. जे काढायचं त्याचं नाव माहीत पाहिजे. म्हणून त्यानं धर्माजी सरांना फोन लावला. सर आश्रमशाळेत त्याला मराठी शिकवायचे. आता निवृत्त होऊन केळव्याला आपल्या वाडीत पानवेली सांभाळतात, आणि शब्दांवर बोलायला माणूस शोधत असतात.

"क्युपिड? वा वा!" सर हरखलेच. "अरे, क्युपिड हे इंग्रजांच्या तोंडचं. मूळ रोमनांच्या लॅटिनमधलं नाव क्युपिडो. आणि क्युपिडो म्हणजे इच्छा. पण साधीसुधी नव्हे हं, पाहिजे म्हणजे पाहिजेच अशी. हाव म्हण ना. त्याच मुळातून इंग्रजीत क्युपिडिटी असा शब्द आलाय. त्यात प्रेमबीम काही उरलेलं नाही, नुसती संपत्तीची हाव. आणि गंमत बघ, तेच रोमन त्याच पोराला आमोर पण म्हणत. आमोर म्हणजे प्रेम. आपल्या तारापूरच्या किल्ल्यात पोर्तुगीज होते ना, तेही प्रेमाला आमोरच म्हणायचे. ग्रीकांकडे तो एरॉस. आणि आपल्याकडे तर नावांची रांगच लागलीय. काम, मदन, मन्मथ म्हणजे मन घुसळून काढणारा, अनंग म्हणजे ज्याला अंगच नाही. शंकरानं जाळून टाकलं ना त्याला! त्यांचा गुबगुबीत, आपला बिनअंगाचा."

"म्हंजे देव एकच का, सर?"

"ते मला नको विचारू. मला नावं माहीत आहेत, देव नाही. पण तुला कशाला रे हवंय हे?"

"असाच," कमलेश म्हणाला. हे त्याचं पहिलं खोटं.

दोन दिवस रजा टाकून त्यानं भिंत रंगवली. खाली गेरूसारखा लाल रंग, वर डब्यातला पांढरा. चौकटी झाल्या, नक्षी झाली, चंद्र-सूर्य झाले. काढताना आईचे धवळे आपसूक त्याच्या तोंडात येत होते. आणि मधल्या मोकळ्या जागेशी आला तेव्हा तोंड बंद पडलं. काय नाव घ्यायचं? आमोर म्हणावं तर जिभेला जड. मदन म्हणावं तर हसू येई. क्युपिड म्हणावं तर सरांचा तो 'हाव' शब्द कानात वाजे, जणू कोणी मागे उभं राहून त्यालाच म्हणतंय. शेवटी त्यानं नाव न घेताच ते पोर काढून टाकलं. दोन त्रिकोणांचं अंग, पाठीला पंख, हातात धनुष्य. वाईट काढलं नव्हतं. मग कोपऱ्यात बसून त्यानं आपलं नाव लिहिलं, आणि खरं सांगायचं तर, मधल्या देवापेक्षा त्या नावावर त्यानं जास्त वेळ घालवला.

इथवर झालं असतं तरी एक वेळ चाललं असतं. पण रुचिता भिंत बघून नाचायलाच लागली आणि म्हणाली, "दादा, तुमच्या आई लग्नात गातात ना? त्यांना आणा! भिंतीसमोर बसून दोन गाणी. लोक वेडे होतील."

कमलेशनं त्या संध्याकाळी आईला सांगितलं, "आये, बोईसरला एक लगीन हाय. त्या लोकांला धवळा पायजे."

"आपले हायत?"

"नाय. पन मानतात."

"चौक हाय?"

"हाय."

"कोनी काढला?"

"बायांनी," कमलेश म्हणाला.

म्हातारी किती खूश झाली म्हणून सांगू! परकी माणसं धवळा मागतायत! पेटीतलं ठेवणीतलं लुगडं काढलं, केसांना तेल लावलं. रिक्षात सगळी वाट गुणगुणत आली.

हॉलमध्ये तिला खुर्ची दिली तर ती नको म्हणाली, जमिनीवर बसली. धवलेरी भुईवरच बसते. पण त्या भुईवर पाहुण्यांचे बूट नि चपला फिरत होत्या. कमलेशला ते दिसत होतं. त्यानं न दिसल्यासारखं केलं. मंगळीनं हात पुढे करून भिंत चाचपली, बोटं नाकाशी नेली. मग मान वळवून विचारलं, "चौकात कोन हाय?"

"पालघाट," कमलेश म्हणाला.

जीभ जरा म्हणून अडखळली नाही. पुढे त्याला सगळ्यात जास्त जाळलं ते यानंच. निदान अडखळायला तरी हवी होती!

तेवढ्यात रुचितानं हाक मारली, "आर्टिस्ट कुठायत? दादा, इकडे या, सगळ्यांना भेटायचंय!" कमलेश उठला. पाच-सहा वर्षांत पहिल्यांदा तो आईच्या पाठीमागून उठून गेला. जाताना त्यानं पाहिलं, झगा घातलेली कुणाची तरी बारकी मुलगी म्हातारीच्या कानाशी लागून काहीतरी सांगत होती आणि म्हातारी मान हलवत होती. मग मंगळी गायला लागली. आवाज माईकमधून हॉलभर येत होता, पण कमलेशचं लक्ष होतं कुठं? एक सूटवाला त्याचा हात हातात घेऊन म्हणत होता, "हाडळ म्हणजे तुम्हीच का?" तुम्हीच का! आज आईचा आवाज खालच्या पट्टीत लागलाय एवढं त्याला जाणवलं, आणि माईक बिघडला असेल असं समजून तो पुढच्या माणसाकडे वळला.

परतताना मंगळी गुणगुणली नाही. "दमलीस का, आये?" त्यानं विचारलं. "नाय," ती म्हणाली.

चार दिवसांनी रुचितानं त्या भिंतीचा व्हिडिओ टाकला. खाली त्याचं नाव. वर कुठलंसं सिनेमातलं गाणं लावलेलं, म्हातारीचा आवाज त्यात नव्हताच. कमलेशनं कारखान्याच्या फाटकाशी उभं राहून तो दोनदा पाहिला, चौघांना दाखवला. तिसऱ्यांदा पाहताना त्याला कडेला ती दिसली. जमिनीवर बसलेली त्याची आई. विझलेले डोळे भिंतीकडे लावून, ओठ हलतायत. आजूबाजूला बूट. आणि एक पोरगा तिच्या डोक्यावरून बाण सोडल्याचा अभिनय करत फोटो काढून घेतोय, लोक हसतायत. त्यानं फोन खिशात घातला. त्या दिवसापासून ती मान खाली गेली. पुढे रुचिताचे आणखी दोन फोन आले, त्यानं उचलले नाहीत. कोणी "काय आर्टिस्ट!" म्हटलं तरी त्याला थोबाडीत बसल्यासारखं व्हायचं.

फाल्गुनात त्याच्या मुलीचं, भावनाचं लग्न ठरलं. मुलगा सफाळ्याकडचा, चांगला. वैशाखातली तिथी धरली. घर आनंदात, आणि मंगळी एके दुपारी शांतपणे म्हणाली, "दुसरी धवलेरी बघा. भावनाच्या लग्नात मी नाय गानार."

कमलेशची बायको झुंबर पाया पडली, सासूच्या अंगाला हात लावून ताप बघितला. भावना रडून रडून म्हणाली, "आजी नाय गायली तं मी लगीनच नाय करनार." ती हट्टी आहे, बोलते ते करते. मंगळी एवढंच म्हणायची, "नाय जमत आता." का, ते सांगेना.

कमलेशला मात्र कारण ठाऊक होतं, किंवा ठाऊक आहे असं त्याला वाटत होतं. आईनं त्या हॉलमध्ये पालघाटीला नाव घेऊन बोलावलं. देवी आली असेल, आणि तिच्या जागेवर तिनं काय पाहिलं? उघडं पोर आणि चपला. रागावून निघून गेली असेल आणि जाताना आईचा गळा घेऊन गेली असेल. आणि हे सगळं कोणामुळे? दीड महिना तो हे पोटात घेऊन हिंडला. जेवताना आईच्या समोर बसवेना. ती त्याला बघू शकत नाही हे माहीत असूनही तो तिच्यापासून तोंड लपवायचा. रोज ठरवायचा, आज सांगतो. रोज जीभ रेटायची नाही. लग्नाला पंधरा दिवस उरले तेव्हा एका सकाळी भावनाचे सुजलेले डोळे पाहून तो उठला.

मंगळी अंगणात बसून मोहाची फुलं निवडत होती. बोटांनीच.

"आये, त्या बोईसरच्या चौकात पालघाट नव्हती."

तिचे हात थांबले नाहीत. "कोन व्हता?"

"पोर. पंखवाला. लोकांचा देव हाय, पिरेमाचा."

"नाव काय त्याचा?"

"लई हायत. क्युपिड सांगतात. आमोर. एरॉस. आपलेकडं मदन."

"अर्थ?"

"कोनी पिरेम सांगतात. मूळच्या नावाचा अर्थ हाव."

"मंग तू कोनता नाव घेऊन काढलास?"

"कोनताच नाय, आये. आनि बायांनी नाय काढला, मीच काढला. खाली माजा नाव लिवला. मोठा." आणि तो रडायला लागला. चाळिशी ओलांडलेला बाप्या, अंगणात उकिडवा बसून, लहान पोरासारखा. "तू पालघाटीला बोलावलीस आनि मी तिच्या जागंवर... देवीनं तुजा आवाज नेला, माज्यापायी नेला."

मंगळीनं फुलांची टोपली बाजूला सारली.

"मी कशाला तिला बोलावू? त्या चपलांत?"

कमलेशनं मान वर केली.

"पीठ नव्हता भितीला. डब्याचा रंग, वास घेतला ना मी. म्हनून तुला इचारला. तू खोटा सांगलास. मंग ती बारकी पोर मना सांगं, आजी, भितीवर बाल हाय, त्याला कपडे नाय." म्हातारीनं बोटं लुगड्याला पुसली. "थंडीचा दीस. नागडा पोर, बिननावाचा. काय म्हनून हाक मारू त्याला? निजवला. तुला निजवायची ना मांडीवर, तोच गाना गायली. तीन येला गायली. तू तिथंच व्हतास. नाय ऐकलास?"

जे गाणं ऐकत तो वाढला, ते आईनं माईकवर तीनदा म्हटलं, आणि हा सूटवाल्याचा हात धरून उभा होता. कमलेशला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

"आवाज माजा कोनी नेला नाय," मंगळी म्हणाली. "डोले नेलेस तू. तू सांगशील तो मी गाते. आता कोनाचे सांगन्यावर गाऊ?"

शेवटी कमलेश खालच्या आवाजात म्हणाला, "झुंबर बसली तं? माज्या जागंवर?"

ती जागा सोडणं म्हणजे काय हे त्या पाड्यात त्या दोघांहून जास्त कोणाला कळणार? मंगळीनं टोपली पुन्हा ओढून चार फुलं निवडली. मग म्हणाली, "झुंबर बसंल तं गाईन."

वैशाखात भावनाचं लग्न झालं. चौक काढणाऱ्या सवाशिणी भिंतीशी, त्यांच्यासमोर मंगळी, आणि तिच्या पाठीमागे झुंबर. कमलेश दाराबाहेर, जिथे पाहुणे चपला काढत होते तिथे उभा राहिला. कोणी विचारलं, "अरे, तू आज आत नाय?" तर त्यानं नुसती मान हलवली. आतून झुंबरचा आवाज येत होता, "घोडा झाला, आये." मंगळी गात होती. कमलेशनं त्या दिवशी एकेक शब्द ऐकला. इतकी वर्षं कानाशी बसून त्यानं कितीतरी ऐकलेच नव्हते, हे त्याला दारात उभं राहून कळलं.

देवी काढून झाली. बायका मागे सरल्या. मंगळीनं विचारलं, "चौकात कोन हाय?"

कमलेशचे ओठ सवयीनं हलले. आत झुंबर म्हणाली, "पालघाट."

मंगळी लगेच गायली नाही. तिनं हात पुढे केला, चौकाच्या कडेला बोट लावलं आणि ते नाकाशी नेलं. ओल्या पिठाचा वास आला तेव्हा कुठे तिनं गळा मोकळा केला. भावनाच्या लग्नात म्हातारीचा आवाज काय लागला होता, ते लोक अजून सांगतात. पण घरच्या चौकाला असं बोट लावून बघायची तिला याआधी कधी गरज पडली नव्हती.